साकोलीजवळचं तलावाकाठचं साहस केंद्र : ३४ मुलं घेऊन गेलो, त्याचा अनुभव

मी लाखांदूर तालुक्यातल्या एका शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो. नोकरीला २१ वर्षं झाली. दरवर्षी सहल निघते आणि दरवर्षी तिची जबाबदारी माझ्याकडे येते. या जानेवारीत आठवी-नववीची ३४ मुलं घेऊन साकोलीहून आत, नवेगावबांधच्या बाजूला एका मालगुजारी (म्हणजे जुन्या मालगुजारांच्या, जमीनदारांच्या काळातल्या) तलावाच्या काठी दोन दिवस, एक रात्र राहून आलो. तिथे नवरा-बायको मिळून साहस केंद्र चालवतात. परत आल्यापासून ओळखीच्या शिक्षकांचे फोन चालू आहेत, "कसं आहे जी सर? पाठवावं का पोरांना?" प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढतो. नाव आणि नंबर ज्यांना हवा त्यांनी मला विचारावा, कारण ते एका वेळी ३५ च्या वर मुलं घेत नाहीत आणि फोन उचलायला दोघंच आहेत.

अशा ठिकाणाकडे मी कोणत्या नजरेने पाहतो ते आधी सांगतो. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी सहल नेली होती. तिथे झिपलाइन होती, म्हणजे उंचावरून तारेला लटकून पलीकडे घसरत जायचं. सातवीतला एक मुलगा वर माचाणावर उभा, पट्टे बांधलेले, सोडायला माणूस मागे तयार. माझी नजर त्याच्या कमरेकडे गेली. पट्टा बकलातून एकदाच ओवलेला होता, उलटा फिरवून परत घातलेलाच नव्हता. तसल्या बकलाचा पट्टा वजन आलं की सरकत जातो आणि निघतो. मी खालून ओरडलो. वरच्या माणसाने "काही होत नाही सर" म्हणत पट्टा खोचला आणि मुलाला सोडून दिलं. मुलगा हसत पलीकडे पोचला. त्याला आजही यातलं काही माहीत नाही, पण मला पुढे कित्येक रात्री ते बकल दिसायचं. तेव्हापासून कुठेही मुलं न्यायची म्हटलं की मी जागा, झाडी, जेवण नंतर पाहतो. तिथला माणूस गिऱ्हाइकाला "नाही" म्हणू शकतो का, हे आधी पाहतो.

या दोघांनी आम्हाला पाच वेळा "नाही" म्हटलं. पहिलं तर फोनवरच. मी ४२ मुलं सांगितली होती. ताई म्हणाल्या, "३५ च्या वर नाही सर. दोर धरायला आणि पाण्यावर नजर ठेवायला आम्ही दोघं आणि गावातली तीन मुलं, एवढेच आहोत." आठ मुलांना समजावताना मला त्रास झाला. राग पण आला होता. तरी तारीख पक्की केली.

दादा त्याच गावचे, ढिवर समाजातले. वडील आणि आजोबा याच तलावात डोंगा घालून मासोळी धरायचे. ते स्वतः काही वर्षं नागपुरात नोकरी करून परत आले. ताई अमरावतीकडच्या. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेतून त्यांनी २८ दिवसांचा बेसिक कोर्स केला, मग पुढचा केला, मग हिमाचलात मुलांच्या शिबिरांवर काम केलं. कामाची वाटणी सरळ आहे, दोर ताईंचा आणि पाणी दादांचं. एकमेकांच्या कामात ते बोलत नाहीत, पण एकाने थांबा म्हटलं की दुसरा का म्हणून विचारत नाही. मी दोन दिवस ही गोष्ट मुद्दाम पाहत होतो.

पोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. धान निघून गेलेलं, बांधीत लाखोरीला निळी फुलं आलेली, पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, ऊन. मुलं बसमधून उतरून थेट पाण्याकडे धावली. दादांनी एक शिट्टी मारली आणि सगळ्यांना पाळीवर बसवलं. पहिला अर्धा तास त्यांनी फक्त तलाव दाखवला. हा तलाव कोहळी लोकांनी खोदला, यातून पाणी खालच्या बांध्यांना कसं जातं, जास्तीचं पाणी पुढच्या बोडीत (लहान तळ्यात) कसं उतरतं, १९५१ मध्ये मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले, आता मासोळीचा ठेका गावच्या मच्छीमार संस्थेकडे असतो. केंद्रालाही पाण्यात उतरण्यासाठी त्या संस्थेची आणि ग्रामपंचायतीची परवानगी घ्यावी लागते. लाल झेंड्यांच्या पलीकडे शिंगाड्याचे वेल आणि जाळी आहेत, तिकडे कोणीही जायचं नाही. "ते कोणाचं तरी पोट आहे," एवढंच म्हणाले. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या गावात असाच तलाव आहे. इतकी वर्षं त्याच्या काठाने शाळेत येणारी पोरं तो पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकत होती.

दुपारी भिंत. इथे डोंगर नाही, खडक नाही. बंद पडलेल्या राईस मिलची २८ फूट उंच भिंत घेऊन तिच्यावर ताईंनी हातापायाला आधार देणारे ठोकळे बोल्टने बसवले आहेत. भिंतीच्या डोक्यावर दोर दोन वेगवेगळ्या जागी बांधलेला, एक निसटला तरी दुसरा धरेल असा. हे मी स्वतः शिडी लावून वर जाऊन पाहिलं. ताईंनी हरकत घेतली नाही, उलट मलाही हेल्मेट घालायला लावलं. प्रत्येक दोराची एक वही आहे. कधी घेतला, किती दिवस वापरला, त्यावर कोण कधी जोरात पडलं, सगळं तारखेनिशी. "दोर नुसता पेटीत पडून राहिला तरी दहा वर्षांनी बाद करायचा," असं त्या म्हणाल्या. कोपऱ्यात एक दोर कापून तुकडे करून ठेवलेला होता. एका मुलाने विचारलं, हा काहून कापला? ताई म्हणाल्या, "चुकून कोणी वापरू नये म्हणून." आमच्या शाळेत क्रीडा साहित्याचं रजिस्टर आहे, मी २१ वर्षं भरतो आहे. त्यात निकामी झालेली वस्तू कापून टाकायची हे मला कधी सुचलं नव्हतं.

मग गाठ. कमरेच्या पट्ट्याला दोर बांधायची गाठ आठच्या आकड्यासारखी असते. ताईंनी जमिनीवर काडीने आकडा काढला आणि म्हणाल्या, असा आठ करायचा. पहिल्या ओळीतली एक मुलगी लगेच उठली, "ताई, हा आठ नाही जी. आपला आठ असा असते," आणि तिने बाजूला मराठी ८ काढून दाखवला. ताई हसल्या, म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं. मग याला काय म्हणायचं?" मुलं विचारात पडली. मागून कोणीतरी ओरडलं, "डमरू!" झालं, गाठीचं नाव डमरू पडलं. आधी सुटी डमरू घालायची, टोक पट्ट्यातून ओवायचं आणि मग त्याच वाटेने, पहिल्या दोराच्या अंगाला अंग लावून, परत यायचं. शेवटी दोन-दोन दोर जोडीने दिसले पाहिजेत, कुठे पीळ नको, आणि टोक वीतभर बाहेर. ताई प्रत्येकाची गाठ बोटाने मोजायच्या. एक-दोन, तीन-चार, पाच-सहा. पाच जोड्या भरल्या की "चढ". एका मुलाच्या चारच भरल्या. सोडून परत बांधायला लावली. तो घाईत होता, त्याच्या पुढे नंबर लागले, तो चिडला. ताईंनी त्याची गाठ स्वतः बांधून दिली नाही. तो तिसऱ्यांदा बांधत असताना त्याच्याजवळ बसून राहिल्या. हे त्यांचं दुसरं "नाही". चढायच्या आधी दोर धरणारा आणि चढणारा दोघं एकमेकांचं बकल, गाठ, हेल्मेट पाहतात. मोठ्याने विचारायचं, "चढू?" आणि उत्तर आल्याशिवाय पाय उचलायचा नाही. संध्याकाळी जेवायच्या रांगेत पोट्टे ताटं घेऊन एकमेकांना "चढू?" "चढ!" करत होते.

रात्री मुलांनी जंगलात फिरायला नेण्याचा हट्ट धरला. खरं सांगायचं तर मीही धरला. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जवळच आहे, रात्री काही दिसेल अशी आशा होती. दादा म्हणाले, नाही. अंधार पडल्यावर पाळीच्या पलीकडे कोणालाच नेत नाहीत, पैसे जास्त देतो म्हणणाऱ्यालाही नाही. "उन्हाळ्यात मोहा वेचायला गेलेली आमच्याच गावातली बाई वाघाने नेली. जंगलात जायचं तर कामानं जायचं, तमाशा पाहायला नाही." मग आम्ही पाळीवरच सतरंज्या टाकून पडलो. वर मृग, त्यातले तिकांड्याचे तीन तारे, खाली व्याध झळझळत होता. कृत्तिकांमध्ये किती तारे दिसतात यावर पैज लागली. कोणाला सहा दिसले, एका मुलीला नऊ. तलावावर अडई बदकं शिट्ट्या घालत होती. नंतर थंडी इतकी वाढली की सगळे आत पळाले.

आता पाण्याचं. दुसऱ्या दिवशी १७-१७ चे दोन गट होते. पहिला गट सकाळी आठला पाण्यावर, दुसरा भिंतीवर, मग अदलाबदल. काठावर दादांच्या आजोबांचा जुना डोंगा ठेवला आहे, एकाच खोडातून कोरलेला, आता तो पाण्यात उतरवत नाहीत. त्याच्या शेजारी पिवळ्या प्लास्टिकचे कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या लहान होड्या. दादांनी आधी मुलांना डोंग्यात बसवलं, जमिनीवरच. वजन मधे ठेवायचं, उभं राहायचं नाही, वल्हं कसं धरायचं, हे सगळं कोरड्यात. मग लाइफ जॅकेट. जॅकेट घातल्यावर दादा प्रत्येकाला खांद्याच्या दोन्ही पट्ट्यांना धरून वर उचलतात. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते ढिलं, परत आवळायचं. ३४ मुलांना, एकेकाला उचललं. मलाही उचलायचा प्रयत्न केला.

त्यानंतर कमरेएवढ्या पाण्यात पहिल्या गटाला मुद्दाम कयाक उलटा करायला लावला. आमच्या वर्गात एक मुलगी आहे, तिचा काका बोडीत बुडून गेला. तिच्या आईने संमतीपत्रावर सही केली होती, पण खाली लिहिलं होतं, "पाण्यात नको." मी ते दादांना दाखवलं. त्यांनी कागद वाचला, मुलीला जबरदस्ती केली नाही, आणि एकटीला काठावरही बसवून ठेवलं नाही. तिला शिट्टी आणि मुलांच्या नावांची यादी दिली. कोण पाण्यात गेलं, कोण बाहेर आलं, प्रत्येक नावापुढे खूण करायचं काम तिचं. एकदा मोजणीत एक कमी भरला. तिने लगेच शिट्टी मारली आणि दादांनी सगळे कयाक काठाला आणले. तो मुलगा झाडामागे लघवीला गेला होता. दादा तिला म्हणाले, "बरोबर केलंस. दर वेळी असंच करायचं."

पहिला गट साडेदहाला बाहेर आला. दुसऱ्या गटातल्या १७ जणांनी जॅकेट चढवले तेव्हा वारा सुटला. ऊन होतं, आभाळ मोकळं होतं, मला तर काही विशेष वाटलं नाही. दादा पाळीवर उभे राहून बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले. लाटांच्या माथ्यावर मधे मधे पांढरा फेस दिसायला लागला होता. ते खाली आले आणि म्हणाले, "जॅकेट काढा. आज पाणी बंद."

मुलं रडवेली झाली. मी दादांना बाजूला घेऊन म्हटलं, अर्धा तास तरी, काठाकाठाने. त्यांनी मला पाळीवर नेऊन दाखवलं. वारा आपल्या पाठीमागून, काठाकडून मधल्या पाण्याकडे वाहत होता. "सर, जाताना पोराला वाटेल मी किती जोरात वल्हवतो. वारा त्याला नेत असतो. परत फिरला की तोच वारा तोंडावर. दहा मिनिटांत हात गळून जातात, आणि मग तो शिंगाड्याच्या वेलात जाऊन अडकतो. मला एकाला आणता येईल. पाच जणांना एकदम आणता येणार नाही." मी गप्प झालो. २१ वर्षांत पाण्यावरचा वारा कोणत्या दिशेने वाहतो हे पाहायचं असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

त्या १७ जणांसाठी मग दादांनी जे घेतलं, ते माझ्या मते त्या दोन दिवसांतलं सगळ्यात मोलाचं होतं. पाण्यात न उतरता बुडणाऱ्याला कसं काढायचं. आधी हाताला लागेल ती लांब वस्तू पुढे करायची, काठी, वल्हं, ओढणी, आणि ती स्वतः पालथं पडून धरायची म्हणजे तो आपल्याला आत ओढत नाही. ते पुरत नसेल तर दोर किंवा तरंगणारी वस्तू फेकायची. मग नाव. उडी सगळ्यात शेवटी, आणि तीही शिकलेल्यानेच. त्यांनी तेलाचा पाच लिटरचा रिकामा डबा घेतला, झाकण घट्ट लावलं, आत तळाशी थोडंसं पाणी ठेवलं म्हणजे फेकताना वजन येतं, आणि दांड्याला दोरी बांधली. दोरीचं दुसरं टोक पायाखाली. पाण्यात एक मडकं बांधून ठेवलं होतं, ते बुडणारा माणूस. डबा मडक्याच्या पलीकडे फेकायचा आणि ओढत त्याच्या हाताशी आणायचा, त्याच्या डोक्यावर नाही. तासभर मुलांनी डबे फेकले. दरवर्षी विसर्जनाच्या दिवसांत आमच्या भागात कुठे ना कुठे एकाला वाचवायला दुसरा उडी घेतो आणि दोघंही जातात. त्या दिवशी शिकलेली १७ पोरं निदान उडी घेणार नाहीत, डबा शोधतील.

पण इथेच माझी तक्रार आहे आणि ती मी दोघांनाही सांगितली. हे शिक्षण वारा आला म्हणून झालं. पहिल्या १७ जणांना ते मिळालंच नाही. गावातल्या मुलांसाठी हा धडा पहिल्या दिवशीच, सगळ्यांना, कयाकच्या आधी व्हायला पाहिजे. दादांनी मान्य केलं.

बाकी उणिवा. शेवटचे तीन किलोमीटर रस्ता फार खराब आहे, बसचा खालचा भाग दोनदा घासला. ड्रायव्हरची बोलणी मी ऐकली. मुलींसाठी दोनच संडास आहेत, १८ मुलींना सकाळी ते पुरत नाहीत, आणि हे लवकर सुधारायला हवं, यात सबब नको. मोबाइलला रेंज फक्त पाळीवर. रात्रीची तर्री लहान मुलांना झेपली नाही, चार जण कोरडा भात खाऊन झोपले. दुसऱ्या दिवशी सांगितल्यावर तिखट कमी केलं.

जेवण मात्र मनापासून केलेलं. गावातल्या बायका चुलीवर करतात. चिन्नोरचा भात, उघडल्याबरोबर सगळ्या पडवीत वास. लाखोरीच्या डाळीचे वडे, अंबाडीची चटणी, वर सांबार (कोथिंबीर) पेरलेलं वांग्याचं भरीत, खाणाऱ्यांना तलावातली मासोळी. चार वाजता उकडलेले शिंगाडे, कितीही घ्या.

प्रथमोपचाराची पेटी मी उघडून पाहिली, औषधांच्या तारखा चालू होत्या. त्यांची जीप रात्रंदिवस तोंड रस्त्याकडे करून उभी असते, चावी पडवीतल्या खिळ्याला. सापाचं औषध कोणत्या ग्रामीण रुग्णालयात आहे ते भिंतीवर लिहून ठेवलं आहे. उन्हाळ्यात केंद्र बंद, कारण पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. पावसाळ्यात विजांमुळे बंद. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर, एवढाच हंगाम.

पैसे माणशी ७००, चार जेवणं, राहणं, सगळं धरून. त्यातले १५० पाण्याचे. निघायच्या आधी ताईंनी १७ मुलांचे २,५५० रुपये मोजून माझ्या हातात ठेवले. मी नको म्हटलं, तुम्ही त्यांना काही कमी दिलेलं नाही. त्या म्हणाल्या, "पाण्यात उतरवलं नाही, मग पाण्याचे पैसे कसे घ्यायचे सर?" हे पाचवं "नाही". मी ते पैसे मुलांना वाटले नाहीत, त्यांना विचारून शाळेत जमा ठेवले. फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी ते १७ जण परत जाणार आहेत, एका दिवसासाठी, फक्त पाण्यावर. शिट्टीवाली मुलगीही येणार आहे, या वेळी तिच्या आईला सोबत घेऊन. त्या दिवशीही वारा असला तर डबे फेकून परत येऊ.